बॉर्डर: साडीची आणि राज्याची

सोलापुरातल्या एका कापड दुकानदाराने विचारलंय : 'आम्ही साडीची बॉर्डर म्हणतो आणि विजापूरच्या गाडीचा ड्रायव्हरही "बॉर्डर आली" म्हणतो. दोन्हीकडे हाच शब्द बरोबर का? मग बाउंड्री कुठे वापरायची? आणि पाटीवर मराठीत काय लिहू?'

दोन्हीकडे बरोबर. उलट दुकानदाराचा वापर मूळ अर्थाला जास्त जवळचा आहे. जुन्या फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत 14व्या शतकात आला, तो ढालीच्या कडेने काढलेल्या रंगीत पट्ट्यासाठी. देशाची सीमा हा अर्थ त्याच शतकाच्या अखेरीस त्याला चिकटला. म्हणून बॉर्डरला रुंदी असते, चार बोटं म्हणा, वीतभर म्हणा, आणि ती वस्तूचाच भाग असते. बाउंड्री म्हणजे नुसती रेघ. अलीकडे माझं, पलीकडे तुझं. 'साडीची बाउंड्री' म्हणून बघा, गिऱ्हाईक हसेल. क्रिकेटमध्ये मात्र बाउंड्रीच, कारण तिथे चेंडू आत की बाहेर एवढंच बघायचं असतं. देशांच्या बाबतीत इंग्रजीत दोन्ही चालतात, पण माणसं राहतात ती बॉर्डरवर. रेघेवर कोण राहणार? आपला 'सीमाभाग' हा असाच रुंदी असलेला शब्द.

मराठीत याला एकच प्रतिशब्द शोधू नये, असं माझं मत. आपण हे काम वाटून दिलंय. शेताला बांध, खरेदीखतात चतुःसीमा, गावाला शीव. दसऱ्याचं शिलंगण म्हणजे सीमोल्लंघनच. अंमल जिथे संपतो ती हद्द. हा अरबीतून आलेला शब्द पोलीस ठाण्यापासून महापालिकेपर्यंत सगळीकडे मुरलाय. 1992 साली बाळे, शेळगी, कुमठे अशी गावं शहरात आली, त्या भागाला सोलापूरकर अजून 'हद्दवाढ भाग' म्हणतात. तिथे 'सीमावाढ' म्हटलं तर रिक्षावाला तोंडाकडे बघत राहील. आणि वेस? ती खरं तर दरवाजा. बाळीवेस, तुळजापूर वेस, विजापूर वेस : दरवाजे गेले, नावं राहिली.

साडीला मात्र काठ. इरकलचा काठ, काठापदराची साडी. आपल्याकडे दुकानात मराठीइतकीच कन्नड आणि तेलुगूही चालते, आणि त्या दोन्ही भाषांत काठाला 'अंचु' म्हणतात. बॉर्डर शब्द इतका रुळला त्यामागे हेही एक कारण असावं : तिन्ही भाषांच्या गिऱ्हाइकांना तो सारखाच परका आणि सारखाच ओळखीचा. (मराठीत आपण त्याला स्त्रीलिंगी करून टाकलं, हे सीमा, हद्द, किनार यांच्या संगतीचं फळ. काठ तेवढा पुल्लिंगी राहिला.) काठाला रुंदी आहे, तो कापडाचाच भाग आहे, म्हणजे बॉर्डरच्या जुन्या अर्थात तो तंतोतंत बसतो. शिवाय तो विहिरीला आहे, नदीला आहे, आणि परीक्षेत पस्तीस मार्कं पडली की पोरगं 'काठावर पास' होतं.

तेव्हा पाटीवर बिनधास्त 'मोठ्या काठाच्या साड्या' लिहा. ड्रायव्हरला मात्र दुरुस्त करायला जाऊ नका. आपल्याकडची टाकळी सोडून कर्नाटकातल्या धूळखेडकडे जाताना तो 'बॉर्डर आली' म्हणतो, तेव्हा खाली भीमा असते. तिथे राज्याची सीमा म्हणजे नदीचा काठच.