क्लॅरिनेट, व्हायोलिन आणि पियानो अशा त्रयीची मैफल पहिल्यांदाच ऐकणार आहे. आधी काय ऐकून जावं?

हंगेरियन संगीतकार बेला बार्टोकची ‘कॉन्ट्रास्ट्स’ (1938) आणि सोव्हिएत आर्मेनियन संगीतकार खाचातुरियनची ‘त्रयी’ (1932; या तीन वाद्यांसाठीची रचना, तिचं नावच ते), एवढं पुरे. कार्यक्रमात यातलं एखादं असण्याची शक्यता बरीच आहे, कारण या तीन वाद्यांसाठी रचना तशा कमीच.

‘कॉन्ट्रास्ट्स’ बेनी गुडमन या जॅझ क्लॅरिनेटवादकासाठी लिहिलेली. तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला व्हायोलिनवादकाकडे नीट बघा. त्याच्या हातात दुसरं व्हायोलिन असतं, मुद्दाम वेगळं लावलेलं: सर्वांत खालची तार अर्धा स्वर चढवलेली, सर्वांत वरची अर्धा स्वर उतरवलेली. त्यामुळे मोकळ्या तारांवर गज फिरला की कर्कश, खेडवळ नाचाचा आवाज उठतो. थोड्याच वेळात तो नेहमीचं व्हायोलिन उचलतो. क्लॅरिनेटवादकही मध्येच वाद्य बदलतो. हे सगळं रेकॉर्डिंगमध्ये कळतच नाही, म्हणून जमलं तर पुढच्या रांगेत बसा.

खाचातुरियनने आपली त्रयी मॉस्कोत विद्यार्थी असताना लिहिली. शेवटचा भाग उझबेक लोकधुनेवर बेतलेला आहे, आणि मला तोच सर्वांत आवडतो: क्लॅरिनेट एकटं धून मांडतं आणि मग बाकीचे दोघे तिच्यात शिरतात.

टाळ्या मात्र रचना पूर्ण संपल्यावरच. दोन भागांमध्ये शांत राहायचं असतं.