रजा संपली, थकवा तसाच

"मॅडम, पंधरा दिवस रजा काढली. गावी जाऊन लावणी केली, दुपारी दोन-दोन तास झोपलो. बरं वाटलं. आणि हजर झालो त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुन्हा तसाच. मी कामचुकार झालोय का?"

रत्नागिरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न शिक्षक विचारतात, नर्स विचारतात, बँकेतली तरुण मुलं विचारतात. गेल्या ऑगस्टमध्ये विचारणारे एक ग्रामसेवक होते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलून, त्यांच्या संमतीने लिहिते आहे. गावात सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात, मीही तेच म्हणते.

बोलताना त्यांचा उजवा हात मांडीवर पालथ्या ठेवलेल्या फोनवर होता. मी मोजलं. पन्नास मिनिटांत त्यांनी तो नऊ वेळा उलटून बघितला. त्यातल्या पाच वेळा तो वाजलाच नव्हता.

त्रास काय, तर पित्त, मान आखडणं, रविवारी दुपारपासून पोटात गोळा, कारण सोमवारी आढावा बैठक. हे सगळं त्यांनी पटापट सांगितलं. मग थांबले आणि उन्हाळ्यातली एक गोष्ट सांगितली.

वरच्या वाडीतली एक आजी घराच्या उताऱ्यासाठी आली होती. जांभ्या दगडाची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, काठी टेकत उतरून, तिसऱ्यांदा. सर्व्हर बंद होता, हे खरं. पण तिला तेवढं सांगण्याचाही यांना कंटाळा आला. मान वर न करता हे म्हणाले, "उद्या या." आजी पायरीवर बसली, पदराने तोंड पुसलं, पानाच्या द्रोणातली करवंदं टेबलाच्या कडेला ठेवली आणि "बरा, येतंय उद्या" म्हणून निघाली. करवंदं संध्याकाळपर्यंत तिथेच होती.

"मला काही वाटलं नाही, मॅडम. वाईटसुद्धा वाटलं नाही." इथे त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला.

बर्नआउट ओळखताना मी थकव्यापेक्षा याच्याकडे जास्त लक्ष देते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटचा उल्लेख केला, पण आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण आवरला न गेल्याने होणारी अवस्था म्हणून. तिची तीन अंगं सांगितली आहेत : शक्ती संपून जाणं, कामापासून मन तुटणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून नीट काही होत नाही असं वाटणं. थकवा घरच्यांना दिसतो. मन तुटलेलं मात्र आधी समोर कामाला आलेल्या माणसाला जाणवतं, आणि तो बिचारा तक्रार करत नाही.

कामचुकार माणसाला करवंदं आठवत नाहीत. हे मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं.

तरी आधी डॉक्टरांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२ यांच्यातल्या गडबडीनेही माणूस असाच गळून जातो. नैराश्य आहे का, हेही पाहिलं. बर्नआउट आणि नैराश्य एकमेकांत मिसळतात, पण नैराश्य सहसा सगळीकडे पसरतं. भाऊसाहेबांना चिखलात उतरल्यावर मजा आली होती, मुलीशी गप्पा मारताना हसू येत होतं. मरणाचे विचार येतात का, हे मी सरळ विचारलं. येत नव्हते. कुणाला येत असतील तर थांबू नये. १४४१६ हा शासनाचा टेलिमानस क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

मग रजेने का भागलं नाही? याचं उत्तर त्यांनीच दिलं. "आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी एप्रिलमध्ये टँकर लागतो. जांभा पाणी धरतच नाही. माझ्या रजेचं तसंच झालं."

पाणी कुठून झिरपतंय ते बघायला आठवडाभर वहीत नोंद ठेवली. दोन ग्रामपंचायती, त्यातली एक अतिरिक्त कार्यभाराची. व्हॉट्सअ‍ॅपचे चौदा ग्रुप. एकच माहिती तीन नमुन्यांत, तिन्हींवर "आजच सादर करा". टँकर उशिरा आला की शिव्या यांना, टँकर सोडणं मात्र यांच्या हातात नाही. जबाबदारी पूर्ण आणि अधिकार नाही, अशा जागी कितीही मजबूत माणूस झिजतो. त्याला नुसता प्राणायाम शिकवून परत पाठवणं मला अन्यायाचं वाटतं.

म्हणून आम्ही अर्ज लिहिला. कार्यभार काढा, हा पहिला अर्ज फेटाळला गेला. दुसरा त्यांनी तसाच भार असलेल्या तिघा सहकाऱ्यांबरोबर दिला. कार्यभार सुटला नाही, पण दुसऱ्या गावासाठी मंगळवार आणि शुक्रवार ठरले, दारावर तशी पाटी लागली. रात्री आठनंतर ग्रुप बंद, फक्त सरपंचांचा फोन आणि दरड-पुरासारखा निरोप चालू. या एका गोष्टीला त्यांना दीड महिना लागला. मेमो येईल ही भीती होती. मेमो आला नाही, बैठकीत बोलणी मात्र खावी लागली. त्या रात्री ते पुन्हा एकपर्यंत जागे होते. सुधारणा अशीच होते, दोन पावलं पुढे आणि एखादं मागे. घरच्यांनी हे आधीच धरून चालावं.

सप्टेंबरात उतारा घेऊन ते स्वतः पाखाडी चढून गेले. माफी मागायची होती, जमलं नाही. आजीने कोरा चहा केला.

डिसेंबरात वाडीने श्रमदानातून वहाळावर, म्हणजे ओढ्यावर, वनराई बंधारा घातला. सिमेंटच्या रिकाम्या गोणींत माती भरून, हातोहात. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी असाच एक बांधला होता. "पाणी पोटरीपर्यंत चढलं," हे सांगताना ते खुर्चीत पुढे सरकले होते. फोन त्या दिवशी गाडीच्या डिकीत होता.

थकवा अजून आहे. मार्चएंडची वसुली जवळ येते आहे. जाताना त्यांनी माझी डायरी मागितली आणि मार्चच्या दुसऱ्या शनिवारी स्वतःच्या हाताने नाव लिहिलं.