गॅस गेला, मुदत तरी जाऊ देऊ नका

मिरजेच्या एका वाचकाचं चार पानी पत्र आलंय. मतलब एवढाच: एप्रिल २०२३ मध्ये कोल्हापूरच्या दुकानातून दीड टनाचा स्प्लिट एसी घेतला. इनडोअर बेडरूममध्ये, आउटडोअर गच्चीवर. सोबतचा तांब्याचा पाइप पुरला नाही, तेव्हा बसवायला आलेल्या मुलाने जादा पाइप आणून भिंतीतच जोड दिला आणि वरून प्लास्टर झालं. पुढच्याच उन्हाळ्यात गॅस गेला, मेकॅनिकने भरून दिला. २०२५ मध्ये पुन्हा गेला. आता भिंतीला ओल आलीय, कपाटाचा प्लायवूड फुगलाय. दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी म्हणते पाइपिंग वॉरंटीत नाही. प्रश्न असा की, 'आधी वकिलाची कडक नोटीस पाठवून पंधरा दिवस वाट बघू का?'

नका बघू.

चैत्र लागला की अशी पत्रं सुरूच होतात आणि बहुतेकांत हेच नोटिशीचं खूळ असतं. ग्राहक आयोगात तक्रार करण्याआधी नोटीस द्यायलाच हवी, अशी सक्ती कायद्यात नाही. नोटिशीने मुदत वाढत नाही, ती चालतच राहते. तुमच्याकडे वाट बघायला पंधरा दिवस नाहीतच. ते कसं, ते तुम्हीच जोडलेल्या कागदात आहे.

२०२४ च्या मेकॅनिकचं जॉब शीट तुम्ही 'माझा हुकमी पुरावा' म्हणून पाठवलंय. त्यावर निळ्या पेनने लिहिलंय: 'भिंतीतला फ्लेअर जॉइंट लीक. नट टाइट केला, गॅस चार्ज.' (फ्लेअर जॉइंट म्हणजे पाइपाचं तोंड पसरवून नटाने आवळलेला जोड.) खाली तारीख, १८-४-२४. पुरावा चांगलाच आहे. पण दोष कुठे आहे हे तुम्हाला त्या दिवशी कळलं, हेही तोच कागद सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे. म्हणजे १८ एप्रिल २०२६, आणि त्या दिवशी शनिवार आहे. शेवटचा दिवस सुट्टीचा निघाला तर पुढच्या कामाच्या दिवशी चालतं, असं कोणी सांगेल. त्या भरवशावर राहू नका. १४ तारखेला आंबेडकर जयंतीची सुट्टी. १० एप्रिल हीच शेवटची तारीख समजा.

समोरचा वकील तर याहून पुढे जाईल. तक्रारीचं कारण एसी बसवला त्या दिवशीच घडलं, म्हणजे मुदत २०२५ मध्येच संपली, असं म्हणेल. प्लास्टरखाली झाकलेला दोष आधी कळणं शक्य नव्हतं, हे तुमचं उत्तर, आणि माझ्या मते ते टिकावं. तरी तक्रारीसोबतच कलम ६९(२) खाली विलंब माफीचा अर्ज सावधगिरी म्हणून जोडा. दर उन्हाळ्यात गॅस गेला की नवं कारण, हा तुमचा तर्क मात्र फार ताणू नका. दुकानदाराचे 'माणूस पाठवतो' हे व्हॉट्सअ‍ॅप मेसेजही मुदत पुढे ढकलत नाहीत. असले मेसेज गोळा करत तुम्ही दोन उन्हाळे घालवलेत, याला काय म्हणावं?

आता दोष नेमका कशातला, हे स्पष्ट ठेवा. तुम्हाला नवा एसी आणि मनस्तापाचे पाच लाख हवेत. एसी खराब नाही, तो बसवताना दिलेला जोड खराब आहे. त्यामुळे मागणी सदोष मालाची नको, सेवेतल्या त्रुटीची करा. एसीतला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो, कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोय. तुमच्या फोटोत मेकॅनिकने प्लास्टर फोडून उघडा केलेला जोड दिसतो. पाइप कापल्यावर आतली धार काढून तोंड नीट पसरवायचं असतं, नट मापाच्या पान्याने आवळायचा असतो. कडा चिरली असेल तर नट कितीही पिळा, गळती थांबणार नाही. आणि दोन्ही नळ्यांना वेगवेगळा काळा फोम हवा. इथे दोन्ही एकत्र पांढऱ्या टेपमध्ये गुंडाळल्यात आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं तांबं उघडं आहे. थंड तांब्याला घाम येतो. ओल आली ती तिथून.

बिलावर 'मोफत इन्स्टॉलेशन' छापलंय, त्यावरून दुकानदार म्हणेल की फुकट सेवेला हा कायदा लागू नाही. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूसोबतची 'मोफत' सेवा फुकट नसते, ती किमतीतच असते, असा युक्तिवाद करा. जादा पाइपाचे ४,२०० रुपये तुम्ही त्या मुलाच्या नंबरवर यूपीआयने दिलेत, पावती घेतली नाहीत. चाळीस हजारांचा एसी घेणाऱ्याला एक पावती मागायला लाज वाटते, हे मला कधी समजलेलं नाही. असो. बँक स्टेटमेंट काढा, आणि दुकानाच्या नंबरवरून आलेला 'मुलगा निघालाय' हा मेसेज त्याला जोडा. मुलगा त्यांनीच पाठवला, हे त्यावरून दिसतं. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लावा. आयोगापुढे पुराव्याचे नियम तितके काटेकोर नसतात, पण वादाला जागा कशाला द्यायची?

पक्षकार तिघेही करा: दुकानदार, बसवणारा, कंपनी. कंपनी कदाचित सुटेल. तो मुलगा तिच्या अधिकृत यादीत होता का, यावर ते अवलंबून आहे.

दुकान कोल्हापूरचं असलं तरी तुम्ही मिरजेत राहता, म्हणून कलम ३४ प्रमाणे सांगली जिल्हा आयोगात तक्रार चालते. दिलेली किंमत पाच लाखांच्या आत असल्याने फी नाही. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते, पण त्रुटी काढून परत आली तर दुरुस्तीला दिवस हवेत.

निकाल कायद्याच्या हिशेबाने तीन महिन्यांत. समोरच्याला उत्तरासाठी तीस दिवस, फार तर आणखी पंधरा. आयोगातली एक जागा रिकामी राहिली की हा हिशेब कागदावरच राहतो, म्हणून पुढचा उन्हाळाही यातच जाईल अशी मनाची तयारी ठेवा. मागण्याही आटोपशीर ठेवा: पाइपिंग नव्याने करण्याचा खर्च, गॅसचे पैसे, भिंत, कपाट आणि थोडी नुकसानभरपाई.

तोवर घामात बसा असं म्हणत नाही, एसी दुरुस्त करून घ्या. फक्त आधी जोडाचा व्हिडिओ काढा, साबणाच्या पाण्याचे बुडबुडे दिसतील असा. दुरुस्ती करणारा तटस्थ हवा, आयटीआयतला रेफ्रिजरेशनचा निदेशक आला तर उत्तमच. त्याच्याकडून दोषाचं कारण लिहून घ्या, पुढे त्यालाच प्रतिज्ञापत्र करावं लागेल. जुना जोड नटासकट कापून पाकिटात ठेवा आणि त्यावर त्याची सही नि तारीख घ्या. भंगारवाल्याला तांबं म्हणून देऊन टाकू नका.