कासवं शूट करायला निघालास? आधी परवानगीचं बघ

भावा, नाशिकहून ड्रोन घेऊन थेट वेळास (रत्नागिरी किनाऱ्यावरचं कासवांचं गाव) गाठायचा प्लॅन मस्त आहे, पण जरा थांब. ऑलिव्ह रिडले कासव १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे आणि नवीन लोकांना हे माहीतच नसतं की त्याची अंडी किंवा घरटं नुसतं डिस्टर्ब केलं तरी कायदा ती शिकारच धरतो, म्हणजे वाळू उकरून एक क्लोजअप घेऊ म्हणालास तरी संपलं.

- पुढे सिंधुदुर्गात गेलास तर तिथल्या मालवण सागरी अभयारण्यात फोटोग्राफी किंवा अभ्यासाचा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांकडून, लेखी. गावातल्या ओळखीच्याचं ‘चालतं रे’ कामाचं नाही.
- फ्लॅश, टॉर्च बॅगेतच ठेव. पिल्लं उजेडाकडे वळतात, एकाच्या मोबाईल टॉर्चमागे तीन पिल्लं समुद्राकडे पाठ करून रांगताना बघितलीत मी, जीव तुटतो रे.

सरावाला आपलं नांदूर मध्यमेश्वर आहेच, पण तेही अभयारण्यच, तिथेही विचारल्याशिवाय ड्रोन काढू नको.

टॅगिंग (कासवांना ओळखीचे बिल्ले लावणं), रिसर्च परमिट वगैरे आत्ता डोक्यात घेऊच नको. अर्ज लिहिलास की पाठव, मी नजर टाकतो.