चंद्र राहू दे, पोस्टमन बघ

प्रिय मुली,

गुरुवारी पाठवलेला तुझ्या गेमचा बिल्ड, म्हणजे ती कच्ची आवृत्ती, दोनदा खेळलो. सोबतचं पत्रही वाचलं. मला 'सर' म्हणू नकोस, हे तिसऱ्यांदा सांगतोय.

तू विचारतेस, गावावर येणारा धूमकेतू दुप्पट मोठा केला, आकाश लाल केलं, स्क्रीन हलवली, तरी खेळणाऱ्यांना काहीच का वाटत नाही? आणि खाली जरा लाजत लिहिलंयस की 'मजोराज मास्क'मध्ये (तीन दिवसांत चंद्र गावावर कोसळणार आणि आपण काळ पुन्हा पुन्हा मागे फिरवायचा, तो गेम) मात्र शेवटच्या रात्री काहीही न करता नुसतं गावात भटकत राहावंसं वाटतं, हे विकृत तर नाही ना? नाही. पुढे चल. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याच दुसऱ्या प्रश्नात आहे, पण तुझं सगळं लक्ष आभाळात. वर नको बघूस. खाली बघ.

तो गेम २००० साली आला. मी खेळलो काही वर्षांनी, हॉस्टेलच्या खोलीत, एम्युलेटरवर, म्हणजे दुसऱ्या मशीनचे गेम काँप्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर (कायदेशीर होतं का, ते विचारू नकोस). काँप्युटर इतका रखडायचा की शेवटच्या सहा तासांतले घंटेचे टोलही अडखळत पडायचे. दात विचकलेल्या त्या चंद्राची धास्ती पहिल्या दोन दिवसांतच ओसरली. माणूस कशालाही सरावतो. डोक्यात राहिला तो पोस्टमन.

वेळापत्रकावर जगणारा माणूस. ठरल्या वेळी पेट्या उघडणार, ठरल्या वेळी धावणार. शेवटच्या रात्री त्याच्या खोलीत गेलीस तर जीव घेऊन पळायचं त्याच्या मनात आहे, पण वेळापत्रकात तसं लिहिलेलं नाही म्हणून थांबलाय. तातडीचं एक पत्र त्याच्या हाती दिलंस तर तो ते महापौरांच्या बायकोला पोचवतो, ती त्याला पळून जायचा हुकूम देते आणि मगच त्याचे पाय सुटतात. तेच पत्र तू स्वतः नेऊन दिलंस तर तुला महागड्या दुधाची बाटली मिळते आणि तो मागेच राहतो. मी पहिल्यांदा बाटली घेतली. खूशही झालो. मग काळ मागे फिरवला, तर हा पठ्ठ्या पहिल्या सकाळी पुन्हा धावतोय, काही घडलंच नाही असा. मला आठवतंय, त्याला नाही. तू ज्याला 'अंगावर येणारं' म्हणतेस ना, ते हे. चंद्र नव्हे.

आणि तो तलवारबाजी शिकवणारा! तिसऱ्या दिवशी चंद्राचे तुकडे करीन म्हणून छाती काढतो आणि रात्री मागच्या खोलीत कोपऱ्यात दडून थरथरत असतो. महापौरांच्या कचेरीतली ती बैठक? सुतारांचा मुकादम म्हणतो उत्सव होणारच, शिपायांचा कप्तान म्हणतो गाव रिकामं करा, आणि मधे बसलेले महापौर काहीच ठरवत नाहीत. आपल्याकडच्या कुठल्याही ग्रामसभेत एकदा बसून आलीस की अशी बैठक तुला झोपेत लिहिता येईल.

तुझ्या गावात मात्र पाचव्या दिवसापासून अकराच्या अकरा माणसं एकच वाक्य बोलतात, "आता आपलं काही खरं नाही." अगं, असं कोण बोलतं? लोक जत्रेची वर्गणी आधी द्यायची की थांबायचं यावर भांडतील. खाली बघ म्हणतो ते हेच.

दिवसांचंही बघ. 'मजोराज मास्क' बनवणाऱ्यांनीही आधी आठवडाच धरला होता, पण मागे फिरल्यावर पुन्हा अख्खा आठवडा काढायचा हे जड जायला लागलं, म्हणून तीन दिवसांवर आले. खेळातले ७२ तास खऱ्या घड्याळात साधारण ५४ मिनिटांत सरतात. एवढ्यात कोण कधी कुठे असतो हे पाठ होतं, आणि पाठ झालं की जीव लागतो. तुझ्याकडे चित्रं काढायला माणसं नाहीत ही सबबही सांगू नकोस. तो गेम साधारण वर्षभरात उभा राहिला, १९९८ साली आलेल्या त्यांच्याच आधीच्या गेममधले कितीतरी चेहरे पुन्हा वापरून.

मी एवढा का चिडतोय? कारण मीही एक गाव बुडवलंय. धरणाचं पाणी चढतंय, घरं रिकामी करायची, असा मोबाईलवरचा गेम. माझी आजी अशाच एका बुडालेल्या गावातली. शेवटच्या सकाळीही तिने अंगण सारवलं होतं, आणि सासूने विचारलं होतं, आता कुणासाठी? एवढं आयतं माझ्या हातात होतं. चार सेकंदांचं सारवणं मी करून घातलंही. मग वरून निरोप आला: पाणी उंबऱ्याला लागलं की लोक खेळ सोडतात, तिथे बटण टाका, पैसे भरा आणि पाच मिनिटं वाढवून घ्या. मी टाकलं. दोन महिन्यांचा पगार अडकला होता, घराचा हप्ता होता, आणि मी नाही तर शेजारच्या टेबलावरच्याने टाकलंच असतं. शिवाय त्या कंपनीत शेवटपर्यंत भांडलो तो मीच, मेल आहेत माझ्याकडे. असो. बटण हिरवं होतं. पैसे टाकून थोपवता येणाऱ्या पाण्याला कोण भिणार? फाइल हलकी करायची म्हणून पुढच्या आवृत्तीत सारवणारी बाईही गेली. तीही मीच काढली.

तेव्हा धूमकेतू जसा होता तसा लहान कर. स्क्रीन हलवणं काढ. माणसं अकराची चार केलीस तरी चालतील, पण चौघांचं तीन दिवसांचं वेळापत्रक वहीत, हाताने, अर्ध्या-अर्ध्या तासाचं लिहून काढ. कंटाळा येईल. येऊ दे.

बसस्टँडवरचा तो टपरीवाला मला आवडला, त्याला ठेव. तिसऱ्या दिवशी तो उधारीची वही काढतो का, आणि काढली तर वसुलीला निघतो की फाडून चुलीत घालतो, तेवढं रविवारपर्यंत कळव. धूमकेतूची नवी चित्रं पाठवू नकोस, मी उघडणार नाही.

तुझा,
(सर नव्हे) दादा