तांबड्या रेघा मारून लेख परत पाठवतोय

चि. ...,
सप्रेम आशीर्वाद.

आणीबाणीवरचा तुझा लेख दोनदा वाचला. ‘हुकूमशाही’ हा शब्द अकरा वेळा आलाय, त्यातल्या नऊ ठिकाणी मी तांबडी रेघ मारली आहे. रुसू नकोस. तो शब्द आला की वाचक मान डोलावतो आणि पान उलटतो.

तू सुरुवात २५ जून १९७५ च्या रात्रीपासून केलीस. सगळेच तिथून करतात. माझं ऐकशील तर एप्रिल १९७३ पासून कर. केशवानंद भारती खटल्यात संसदेला घटनेची मूळ चौकट बदलता येत नाही, असा सरकारला न रुचणारा निकाल सात विरुद्ध सहा मतांनी लागला, आणि लगोलग शेलत, हेगडे, ग्रोव्हर या तिघा ज्येष्ठांना डावलून ए. एन. रे सरन्यायाधीश झाले. ज्येष्ठतम न्यायमूर्तींनाच ते पद द्यावं असं घटनेत कुठंही लिहिलेलं नव्हतं. नुसता रिवाज होता. मग कुठल्या कलमाखाली बोट ठेवणार? तिघांनी राजीनामे दिले. निकालाची किंमत मोजावी लागते, हे उरलेल्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

दुसरं, ऑगस्ट १९७५ चं कॅलेंडर समोर घे. पंतप्रधान इंदिरा गांधींची निवडणूक अलाहाबाद उच्च न्यायालयानं रद्द केलेली. सर्वोच्च न्यायालयात सुनावणी सोमवारी, ११ तारखेला. त्याआधीच्या गुरुवारी ३९ वी घटनादुरुस्ती लोकसभेत मंजूर, शुक्रवारी राज्यसभेत, शनिवारी विधानसभांमध्ये, आणि रविवारी राष्ट्रपतींची सही! पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर. एरवी त्या काळी आपल्याकडे साधा सातबारा इतक्या लवकर निघत नसे. नोव्हेंबरात न्यायालयानं ते कलम उडवलं, हे तू लिहिलंस. पण निवडणूक तरीही वैध ठरली, कारण निवडणूक कायदाच मागच्या तारखेपासून बदलून ठेवला होता. हे तुझ्या लेखात नाही, आणि खरी मेख तर तिथंच आहे.

मी तेव्हा एका दैनिकात प्रुफं वाचायचो. सेन्सॉरकडून पान परत आलं की बातमीवर निळ्या पेन्सिलीची फुली असायची. आधी आम्ही ती जागा कोरी सोडायचो. मग कोरी जागा सोडायलाही मनाई झाली. एका रात्री तिथं कैरीच्या लोणच्याची कृती लावली. खिळे जुळवणारे काका म्हणाले, “मीठ जास्त झालंय.” हसलो. पण महिन्याभरात फुली पडेल अशी बातमी आम्हीच लिहीनासे झालो. पेन्सिलीचं काम मग फारसं उरलं नाही. हे मी कुणाला अभिमानानं सांगत नाही.

‘जनता भोळी होती’ हे वाक्य काढ. १९७१ मध्ये इंदिरा गांधी लोकसभेत ३५२ जागा घेऊन आल्या होत्या, लोकांनी डोळे उघडे ठेवून दिलेल्या. बहुमत खरं होतं, म्हणूनच प्रत्येक कागदावर रीतसर शिक्का होता.

आणीबाणीत अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नाही, या १९७६ च्या निकालात एकट्यानं विरोधी मत देणाऱ्या न्या. खन्नांचा परिच्छेद उत्तम झालाय, त्याला हात लावलेला नाही. फक्त बहुमताच्या बाजूला आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते, हे गाळू नकोस. आपल्या माणसाचं नाव लिहिताना पेन अडखळतं, ठाऊक आहे.

शनिवारी सकाळी ये. येण्याआधी ४४ व्या घटनादुरुस्तीत आणीबाणी लावण्याच्या कारणांतून ‘अंतर्गत अशांतता’ जाऊन ‘सशस्त्र बंड’ का आलं, एवढं बघून ठेव. चहा मी ठेवतो, दूध येताना आण.

तुझा,
काका