जीआरईचा निबंध कोण तपासतं आणि त्यात काय पाहतं?

कोल्हापूरहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि अमेरिकेत एमएस करण्यासाठी तिने जीआरई ही प्रवेशपरीक्षा दिली. क्वांटमध्ये (गणितात) 167, व्हर्बलमध्ये (इंग्रजी भाषेत) 153 आणि निबंधात 6 पैकी 3. ते लिहितात: “दहावीपर्यंत मराठी माध्यम असलं तरी तिचं इंग्रजी चांगलं आहे. क्लासने दिलेला टेम्प्लेट तिने जसाच्या तसा वापरला, पाच परिच्छेद पूर्ण केले. हा निबंध म्हणे कॉम्प्युटर तपासतो. मग गुण कापले ते यंत्रानेच का? परीक्षा पुन्हा द्यावी का?”

सप्रेम नमस्कार.

आधी यंत्राचं सांगते. तुमच्या मुलीचा निबंध एका प्रशिक्षित परीक्षकाने वाचला आहे. त्याने 0 ते 6 मध्ये गुण दिले. तोच निबंध ही परीक्षा घेणाऱ्या ईटीएस संस्थेच्या ई-रेटर या प्रोग्रामनेही तपासला. दोघांचे गुण जवळपास जुळले तर त्यांची सरासरी धरतात. तफावत पडली तर निबंध दुसऱ्या परीक्षकाकडे जातो, आणि मग यंत्राला बाजूला ठेवून दोन्ही परीक्षकांच्या गुणांची सरासरी घेतात. त्यामुळे एकट्या यंत्राने तिला 3 वर आणलं, असं होत नाही.

यंत्रावर शंका घेणारे तुम्ही पहिले नाहीत. 2014 मध्ये एमआयटीतल्या लेखन कार्यक्रमाचे माजी संचालक लेस पेरेलमन यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून ‘बेबल’ नावाचा प्रोग्राम तयार केला. त्याला दोन-तीन शब्द दिले की तो जडजंबाल शब्दांचा, व्याकरणात बसणारा पण अर्थहीन निबंध लिहून द्यायचा, आणि निबंध तपासणाऱ्या यंत्रांकडून त्याला चांगले गुण मिळायचे. व्याकरण, शब्दसंपदा, रचना हे यंत्राला मोजता येतं. मुद्दा खरंच सिद्ध झाला का, हे वाचणाऱ्या माणसालाच कळतं. आणि तुमच्या मुलीचे गुण नेमके इथेच गेले असावेत, असं मला वाटतं.

सप्टेंबर 2023 पासून जीआरईत एकच निबंध उरला आहे. 30 मिनिटांत दिलेल्या विधानावर आपली भूमिका मांडायची. विषयांची यादी ईटीएसच्या संकेतस्थळावर मोफत आहे. त्यांच्या नमुन्यातला एक विषय घेऊ: प्रश्न सोडवण्यासाठी लोक तंत्रज्ञानावर जितके विसंबतील, तितकी त्यांची स्वतः विचार करण्याची क्षमता खालावेल.

हे आपल्याकडच्या ‘विज्ञान : शाप की वरदान’चं सख्खं भावंड आहे. आपल्या मुलांनी तो निबंध कसा लिहिला आहे? सुरुवातीला एक सुविचार, मग दोन परिच्छेद फायदे, दोन परिच्छेद तोटे, आणि शेवटी ‘विज्ञानाचा वापर कसा करायचा हे माणसाच्याच हाती आहे’. बोर्डात हे चालून जातं. क्लासचा टेम्प्लेट याचाच इंग्रजी अवतार असतो. जीआरईचा परीक्षक मात्र विधानाखालची सूचना घेऊन वाचायला बसतो. या विषयाखाली सूचना आहे की तुम्ही किती सहमत आहात ते सांगा, विधान कुठे खरं ठरेल आणि कुठे ठरणार नाही याचा विचार करा, आणि त्या विचाराने तुमची भूमिका कशी घडली तेही स्पष्ट करा. हा शेवटचा भाग बहुतेक मुलं वाचून सोडून देतात. प्रत्येक विषयाखालची सूचना सारखी नसते, म्हणूनच एकच साचा सगळीकडे बसत नाही.

तुम्ही लिहिलं आहे की तिचा प्रोजेक्ट शिरोलीच्या एका फाउंड्रीत कास्टिंग सिम्युलेशनवर, म्हणजे ओतकाम आधी संगणकावर करून पाहण्यावर आहे. सोन्यासारखं उदाहरण घरातच आहे! टेम्प्लेटमधलं वाक्य असतं: ‘आज तंत्रज्ञान जीवनाच्या प्रत्येक क्षेत्रात वापरलं जातं.’ यातून काहीच सिद्ध होत नाही. त्याऐवजी तिने लिहावं की ओतकामात पोकळी कुठे राहील हे सॉफ्टवेअर रंगीत चित्रात दाखवतं, पण धातू ओतण्याचं तापमान चुकीचं भरलं तर चित्रही चुकीचं येतं. ज्याने ते रंग डोळे झाकून मान्य केले त्याच्या बाबतीत विधान खरं आहे. ज्याला चित्र पाहून ‘इथे पोकळी यायला नको होती’ असं वाटतं आणि जो भरलेले आकडे पुन्हा तपासतो, त्याच्या विचाराला त्याच सॉफ्टवेअरने धार आणली आहे. आणि शेवटी तिने म्हणावं: ‘म्हणून माझी सहमती अर्धवट आहे, आणि ती वापरणाऱ्याच्या पायाभूत ज्ञानावर अवलंबून आहे.’ बघा, सूचनेतल्या सगळ्या गोष्टी एका उदाहरणात आल्या. ईटीएसच्या निकषांत 3 म्हणजे मर्यादित आणि 4 म्हणजे पुरेसा निबंध. आधार नसलेली विधानं आणि पटणारी कारणं, हा त्या दोहोंमधला मोठा फरक आहे.

स्पेलिंगची धास्ती तिने सोडावी. परीक्षेत स्पेल-चेक नसतो, आणि 6 गुणांच्या निबंधातही किरकोळ चुका चालतात, असं निकषच सांगतात. परीक्षक चुका मोजत नाही, निबंध एकसंध वाचून गुण देतो.

आता पुन्हा परीक्षा द्यायची का? ज्या विभागांत अर्ज करायचा आहे त्यांची पानं तिला उघडायला सांगा. कुठे निबंधाला किमान 3.5 किंवा 4 मागितले असतील तर परीक्षा द्यावीच लागेल. कुठेच अट नसेल आणि जीआरईच ऐच्छिक असेल, तर तो वेळ एसओपीला, म्हणजे अर्जासोबत स्वतःविषयी लिहायच्या निवेदनाला द्यावा. एसओपी मात्र तिने स्वतः लिहावा. जीआरईचा स्कोअर पाठवला की तिचा मूळ निबंधही विद्यापीठाला पाहता येतो. कन्सल्टंटने लिहिलेला गुळगुळीत एसओपी आणि हा निबंध शेजारी ठेवले तर फरक कुणाच्याही नजरेत भरेल.

परीक्षा द्यायची ठरली तर दोन प्रयत्नांत 21 दिवसांचं अंतर लागतं आणि निकाल 8 ते 10 दिवसांत येतो. परीक्षा पूर्ण द्यावी लागते, नुसता निबंध देता येत नाही. क्वांट घसरेल ही भीती मनात येईल, पण कोणत्या तारखेचा स्कोअर पाठवायचा हे तीच ठरवते. जुना 167 आणि नवा निबंध अशी सरमिसळ तेवढी करता येत नाही. डिसेंबरच्या मध्याची अंतिम तारीख असेल तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला परीक्षा उरकावी. तोपर्यंत रोज एक विषय घेऊन आधी दहा मिनिटं फक्त सूचना वाचून मुद्दे काढावेत, आणि आठवड्यातून दोनदा घड्याळ लावून पूर्ण निबंध टाइप करावा. तो निबंध तुम्ही वाचा. इंग्रजी कितपत समजतं याची चिंता नको. ‘हिचं म्हणणं काय आहे?’ याचं उत्तर तुम्हाला एका वाक्यात देता आलं नाही, तर तोच निबंध तिला दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायला सांगा.